दीड इंचाची शेजारीण

पालीविषयी आपल्या भाषेने फारसे बरे बोलून ठेवलेले नाही. मनात संशय आला की शंकेची पाल चुकचुकते. घरात एखादे शुभ बोलणे चालू असता ती चुकचुकली, तर वडीलधारी मंडळी जमिनीवर बोटे आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतात. ती अंगावर पडली असता काय फळ मिळते, याचे तर पंचांगात ‘पल्लीपतन’ या मथळ्याखाली रीतसर कोष्टकच असते. मात्र अंगावर पडल्यावर त्या बिचाऱ्या पालीला काय फळ मिळते, याचे कोष्टक मी अजून कोठे पाहिलेले नाही. बहुधा ते केरसुणीच्या रूपाने तत्काळ मिळत असावे! तिच्याच गोतावळ्यातील घोरपडीला तानाजीच्या आख्यायिकेमुळे इतिहासात मानाचे पान मिळाले. सरडा रंग बदलतो म्हणून राजकारणावर लिहिणाऱ्यांच्या उपयोगी पडतो. पालीच्या वाट्याला मात्र केवळ किळस आली.

विद्यार्थिमित्रहो, मी ज्या पालीविषयी चार शब्द लिहिणार आहे ती ही घरातली पाल नव्हे. ती सह्याद्रीच्या ओलसर रानात राहते. झऱ्याकाठचे दगड, शेवाळलेले बुंधे आणि कुजत पडलेल्या पानांचा थर हे तिचे घर. शेपूट वगळले तर तिची लांबी पुरती दीड इंचही भरत नाही. रंग तपकिरी-करडा, पाठीवर फिकट ठिपके. दगडावर स्तब्ध बसली म्हणजे तो दगडाचाच एखादा डाग वाटावा. ती दिवसाउजेडी वावरते म्हणून तिला ‘दिनचर पाल’ म्हणतात. शास्त्रज्ञ या प्रजातीला ‘निमास्पिस’ म्हणतात, आणि हे नाव १८८७ साली सेंट पीटर्सबर्गच्या स्ट्राउख नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने दिले. आमच्या गावात मी अनेकांना विचारून पाहिले. तिला वेगळे नाव कोणी सांगितले नाही. पाल ती पालच.

घरची पाल आणि ही रानातली पाल यांतील भेद ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. डोळे आणि पाय पाहिले म्हणजे पुरे. घरच्या पालीचा व्यवसाय रात्रीचा; म्हणून उजेडात तिच्या डोळ्यातील बाहुली मांजराच्या बाहुलीप्रमाणे उभी, चिंचोळी फट होऊन राहते. दिनचर पालीची बाहुली आपल्यासारखी वाटोळी असते, आणि त्यामुळे तिच्या मुद्रेवर एक प्रकारचे निरागस कुतूहल दिसते. पापण्या दोघींनाही नाहीत. डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो. त्यावर धूळ बसली की जीभ बाहेर काढून ती खुशाल डोळा पुसून घेते. आपल्याला ते जमत नाही म्हणून आपण चष्मा पुसत बसतो.

पायांची गोष्ट याहून मौजेची आहे. घरची पाल काचेवरून उलटी चालते. ती खाली डोके करून झाडावर धावू शकते, याचा उल्लेख अॅरिस्टॉटलनेही केलेला आहे. म्हणजे हे कोडे सव्वादोन हजार वर्षांहून जुने झाले. तिच्या पायाला डिंकासारखे काही असते, असे कोणी म्हणे. कोणी म्हणे तिचा तळवा भिंतीला चोषून धरतो. शेवटी अमेरिकेतील केलर ऑटम आणि त्यांचे सहकारी यांनी २००० व २००२ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, यांतले काहीच खरे नाही. पालीच्या रुंद बोटांखाली अतिसूक्ष्म केस लाखोंनी असतात. त्यांच्या टोकांचे रेणू आणि भिंतीचे रेणू यांत जे अत्यंत दुर्बळ आकर्षण असते, ते लाखोपटींनी एकत्र येऊन पालीचा भार तोलते. आमच्या दिनचर पालीला मात्र ही देणगी नाही. तिची बोटे सडपातळ, लांब आणि पक्ष्याच्या बोटांसारखी मध्येच वाकलेली, टोकाला बारीक नखी. काचेवर तिचा निभाव लागणार नाही. पण चिऱ्याच्या खडबडीत अंगावरून ती अशी सरसर जाते की डोळ्याने पाठलाग करणेही कठीण.

पाल विषारी असते काय, हा प्रश्न आठवीच्या वर्गात मला दरवर्षी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर त्याने घरून आणलेले असते हेही कळते. आपल्याकडील कोणत्याही पालीजवळ विष नाही. ना दातांत, ना कातडीत, ना शेपटीत. तिच्या आतड्यांत रोगजंतू असू शकतात. म्हणून ती पडलेले अन्न टाकून द्यावे हे योग्यच. पण तेवढ्याकरिता तिला मारण्याचे कारण नाही. शत्रूने पकडले असता ती शेपूट तोडून देते व निसटते. पुढे शेपूट पुन्हा उगवते. मात्र नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक कांडी असते. एकदा गमावलेले पहिल्यासारखे कधीच मिळत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पालीला त्याची खंत असल्याचे दिसत नाही.

या पालीचे नाव आणि आमचा गोवा यांचा संबंध कसा जुळला, तेही सांगण्याजोगे आहे. सृष्टीचे निरीक्षण करण्याची परंपरा गोव्यात जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याने येथील औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. परंतु पालीला तिचे नाव मिळण्यास त्यानंतर चारशे तेरा वर्षे वाट पाहावी लागली. गोवा मुक्त होऊन पंधरा वर्षे होत आली असता, १९७६ साली, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे आर. सी. शर्मा यांनी गोव्यातील सरपटणाऱ्या प्राण्यांवरील आपल्या लेखात काणकोण येथील एका दिनचर पालीचे वर्णन केले आणि तिला ‘निमास्पिस गोएन्सिस’, म्हणजे ‘गोव्याची निमास्पिस’, असे नाव दिले. विशेष हे की, ती त्यांना मिळाली ती वनखात्याच्या विश्रामगृहाच्या परिसरात. नवी जात शोधायला दर वेळी दुर्गम दरीतच उतरावे लागते असे नाही.

त्यानंतर काही वर्षे शांततेत गेली, आणि मग जणू बांध फुटला. २००९ साली वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरच्या रानात, पाचोळ्यात वावरणारी एक नवी जात शोधली, ती ‘कोल्हापूरेन्सिस’. २०१४ साली साताऱ्याजवळच्या कासची जात पुढे आली आणि तिला गिरी यांचेच नाव देण्यात आले. २०१६ व २०१८ साली तर आंबोलीहूनच दोन जाती जगासमोर आल्या. त्यांतील एकीच्या पोटाचा पिवळा रंग तिच्या नावातच उतरला आहे. आंबोली आम्हांला काही परमुलूख नव्हे. डिचोलीहून सकाळी निघालेला माणूस तेथला पाऊस पाहून रात्री घरी जेवायला येतो.

एका पर्वतरांगेत एकाच प्रजातीच्या इतक्या जाती का, असा प्रश्न येथे कोणासही पडेल. उत्तर तिच्या देहातच आहे. एवढ्याशा शरीरातील ओलावा उडून जायला वेळ लागत नाही. घनदाट छाया, दगडाचा गारवा आणि पाचोळ्याची दमट ऊब ही तिची जीवनसाधने. एका डोंगराच्या ओल्या रानातून दुसऱ्या डोंगराच्या ओल्या रानात जायचे, तर मध्ये उघडा सडा लागतो, शेत लागते, उन्हात तापलेली उतरण लागते. माणसाला दहा मिनिटांची ती वाट. हिला तो समुद्र आहे. साहजिकच जी जेथे राहिली ती हजारो पिढ्या तेथेच राहिली, आणि आपल्या डोंगरापुरती वेगळी होत गेली. याच्या उलट आपली घरची पाल पाहा. तिच्यातील ‘फ्रेनाटस’ नावाची जात जहाजांतील मालाबरोबर ऑस्ट्रेलियापासून मेक्सिकोपर्यंत पोहोचली आणि जेथे गेली तेथील दिव्याखाली संसार मांडून बसली. एकीने जग पादाक्रांत केले. दुसरीला पलीकडची टेकडीही ठाऊक नाही. मला स्वतःला दुसरीचे अधिक कौतुक वाटते. कदाचित मीही पंचावन्न वर्षे डिचोली तालुक्यातच काढली, हे त्याचे कारण असेल.

आमच्या घराण्याचे एक लहानसे कुळागर सत्तरीच्या हद्दीलगत आहे. पोफळी, माड, केळी आणि पोफळीवर चढवलेली मिरी. मधून पाट वाहतो आणि त्या पाटाला पाणी येते ते मागच्या डोंगरउतारावरील झरीतून. झरीच्या बाजूने चिऱ्यांचा एक जुना गडगा वर चढत गेला आहे. तो कोणी घातला हे आज कोणासही माहीत नाही. किंदळ, ऐन, कुंभा, भेरला माड अशा झाडांची त्यावर दाट सावली असते. हा गडगा म्हणजे आमच्या दिनचर पालींची नगरी. त्या नेमक्या कोणत्या जातीच्या, हे मी सांगू धजत नाही. त्यासाठी भिंगाखाली खवले मोजावे लागतात, नराच्या अंगावरील रंध्रे तपासावी लागतात. ते काम तज्ज्ञांचे. माझ्यापुरती ती शेजारीण आहे, आणि शेजारणीशी स्नेह ठेवण्यासाठी तिचे कुलगोत्र विचारावे लागत नाही.

पावसाळा ओसरू लागला की मी सुटीच्या दिवशी सकाळी तेथे जाऊन बसतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे काहीच दिसत नाही. मग दगडाचा एक डाग हलतो. मान किंचित उचलली जाते, वाटोळे डोळे आपल्याकडे लागतात. एखादी मुंगी वा कोळी टप्प्यात आला की झेप, आणि पुन्हा डाग. हिला मी कधी चुकचुकताना ऐकलेले नाही; त्यामुळे शंका उत्पन्न करण्याच्या आरोपातून तरी तिची मुक्तता करावी. मादी एका वेळी सहसा दोनच अंडी घालते. ती पांढरी, वाटाण्याहूनही लहान आणि कठीण कवचाची असून दगडाच्या फटीत आतल्या बाजूस चिकटवलेली असतात. कधी कधी अनेक माद्या एकच फट निवडतात, आणि मग तेथे जुन्या फुटक्या कवचांशेजारी नवी अंडी दिसतात. एका फटीपुढे तर मी खडूने खूण करून ठेवली आहे. दर पावसात ती धुऊन जाते आणि दरवर्षी मी ती पुन्हा करतो.

२०२३ सालच्या मार्च महिन्यात म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. आमच्या कुळागरातून रात्री पूर्वेकडच्या डोंगरांवर तांबडी रेघ दिसे. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन फिरत होती. आग कशी लागली यावर त्या वेळी पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले. आमच्या भागातील वणव्याची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. ती आग सहसा झाडांच्या शेंड्यांतून धावत नाही. जमिनीवरचा पाचोळा खात सरकते. मोठी झाडे काळवंडतात, पण उभी राहतात. पहिल्या पावसानंतर पालवतातही. त्यामुळे रस्त्यावरून पाहणारा म्हणतो, चला, रान वाचले. पाचोळ्यात आणि दगडाच्या फटीत जे राहत होते ते वाचले की नाही, हे रस्त्यावरून दिसत नाही. हरीण पळते, पक्षी उडतो. दीड इंचाच्या जीवाने एका तासात किती पळावे?

माझे आजोळ पेडणे तालुक्यात. तिथले वैभव दाट रानाचे नव्हे, सड्याचे. सड्याकडे ‘ओसाड’ म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. आणि तरीही अशाच कातळावर, रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावी, एक पांढऱ्या पट्ट्यांची देखणी पाल मिळाली. लंडनच्या संग्रहालयातील ॲलिस ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पेडण्याच्या मोपा सड्यावर आज विमानतळ आहे. अर्जात परिसरातील संवेदनशील प्रदेशांची माहिती पुरती दिलेली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्याची पर्यावरणविषयक मंजुरी स्थगित केली होती. जानेवारी २०२० मध्ये अधिक अटी घालून ती स्थगिती उठवली. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले. माझी भाची त्याच विमानतळावरून नोकरीवर जाते आणि दोन तास आधी घरून निघाले तरी चालते म्हणून तिची आई संतुष्ट आहे. त्यांच्या सोयीचा मला आनंदच आहे. परंतु सड्यावर काय होते, हे पुरते लिहून घेण्याच्या आधी तो सपाट झाला, ही रुखरुखही जात नाही.

हे सारे लांबचे होते तोवर त्यावर वर्गात बोलणे सोपे होते. गेल्या वर्षी प्रश्न आमच्या गडग्यापाशी आला. कुळागर पाहणारे माझे धाकटे काका आता शहात्तरीत आहेत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्या खर्चाचे कर्ज अजून फिटायचे आहे. सुपारीच्या भावाचा भरवसा नाही. तेव्हा माझ्या चुलतभावाने असे ठरवले की, मागचा उतार साफ करून, पाचोळा-झुडपे पेटवून, तेथे काजूची कलमे लावावीत. त्याचा हिशेब चोख होता. मी तो दोनदा तपासला; त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

काकांकडे मी विषय काढला. (आमचे घरचे बोलणे कोकणीतून चालते, येथे ते मराठीत देतो.)

“काका, झरीच्या वरचे रान तेवढे राहू द्यावे, असे मला वाटते.”

“कशाला रे मास्तरा? तुझ्या पालींसाठी?” काका हसले. “पालीने कधी कोणाची फी भरली काय?”

“भरली नाही. पण पाल गडग्यावर दिसते तोवर दगडात ओल आहे, एवढे ती सांगते. पाचोळा जळला, ऊन लागले, तर ओल जाईल. मग पाटाला पाणी कुठून आणायचे?”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. काकींनी चहा आणून ठेवला तो निवत गेला. मग ते म्हणाले, “ओल तुला पालीवरून कळते. माझा बाप ती पावलांनी ओळखायचा. वैशाखात अनवाणी वर जायचा आणि यंदा पाणी पुरेल की नाही ते सांगायचा. पण बाबा, बँकेचा माणूस अनवाणी येत नाही.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. जो माणूस आपल्या डोंगराचा तुकडा राखतो त्याला त्याचा मोबदला कोण देणार, हा प्रश्न आपण फार सहजपणे त्या माणसावरच टाकून मोकळे होतो. अभयारण्याच्या आत निदान वनखाते आहे. हद्दीबाहेरच्या कुळागरांत, देवराईंत, हरवळ्याच्या धबधब्याभोवती उरलेल्या ओल्या कातळांत राहणाऱ्या पालीचे रक्षण करणारा म्हणजे एखादा कर्जबाजारी शेतकरीच असतो.

चार बैठका झाल्या. एका बैठकीत आवाजही चढले. शेवटी असे ठरले की, उताराच्या वरच्या अर्ध्या भागात काजू लावावे, पण पेटवणी करू नये. पाचोळा व तोडलेली झुडपे चर खणून त्यांत आडवी टाकावीत. झरीपासून गडग्याच्या मध्यापर्यंतचा खालचा भाग तीन वर्षे तसाच राहावा. पाट वैशाखात आटला नाही तर पुढे बोलायचे. आटला तर चुलतभावाने आपल्या मनाप्रमाणे करावे. चर खणण्याची मजुरी मी दिली. पेटवणीला एक काडी लागते, चरांना आठ दिवसांचे चार गडी लागले. यावरून पेटवणी एवढी लोकप्रिय का, हे लक्षात येईल.

यंदाच्या पावसाळ्यानंतर मी मोजणी केली. गडग्याच्या वरच्या टोकाला, जेथे आता ऊन पडते, तेथे चार सकाळी बसूनही एकही पाल दिसली नाही. झरीजवळ एका सकाळी अकरा दिसल्या. पूर्वी इतक्याच दिसत. मधल्या भागात दोन. चुलतभावाचा मुलगा नववीत आहे. काजूची कलमे लावायला तो बापाबरोबर वर जातो आणि येताना माझ्या वहीत आकडे लिहितो. त्याच्या मते माझी मोजण्याची रीत बरोबर नाही. एकच पाल दोनदा मोजली जात असेल. त्याने गडग्याचे दहा भाग पाडून प्रत्येकावर रंगाने क्रमांक घातले आहेत. खडूची माझी खूण त्याच्या सातव्या भागात येते. त्या फटीत परवा त्याला सहा अंडी दिसली. दोन फुटलेली, चार शाबूत.